उंदीर, साखर आणि आपली मधली सुट्टी

गणपतीच्या पायाशी मोदकाकडे डोळे लावून बसलेला उंदीर आपण सारे लहानपणापासून पाहत आलो आहोत. उंदराला गोड आवडते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण त्याला कोणते गोड जास्त आवडते, का आवडते, आणि ते मिळू लागले की त्याचे बाकीचे खाणे कसे बदलते, या प्रश्नांवर प्रयोगशाळांतून गेली कित्येक दशके काम चालू आहे. ते काम आम्ही मुद्दाम वाचले, कारण आपल्या शाळेत सध्या साखरेचाच विषय गाजतो आहे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्याची सूचना केली. कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे मुलांना दिसेल असा फलक, असा त्याचा अर्थ. त्या पत्रकात म्हटले होते की ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के उष्मांक साखरेतून येतात. हे प्रमाण ५ टक्के असावे अशी शिफारस आहे. त्याआधी २०२० मध्येच देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम केला, की जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत. मंडळ कोणतेही असो, हे आकडे आणि हा नियम आपल्यालाही विचार करायला लावणारे आहेत.

पालकसभेत यावर चार मते पडली. काहींचे म्हणणे, वाढदिवसाच्या टॉफीसकट सारे गोड बंद करा. काहींचे म्हणणे, साखरेऐवजी गुळाचे पदार्थ ठेवा. काहींनी ‘शुगर-फ्री’ पेयांचा मार्ग सुचवला. आणि काहींना वाटले, पोहे-जिलबीच्या शहरात हा खटाटोप हवाच कशाला? आमचे मत या चारही मतांहून थोडे वेगळे आहे. मुलाच्या हातातली गोड बाटली काढून घेण्याआधी, त्या दिवशी सकाळपासून त्याच्या पोटात काय गेले आहे हे आपण विचारले पाहिजे. असे आम्ही का म्हणतो, ते उंदरांच्या आधारे सांगतो.

जिभेची आवड आणि पोटाची आवड

विद्यार्थी मित्रांनो, आधी थोडे विज्ञान. आपण जिला साखर म्हणतो ती सुक्रोज. तिच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा जोडलेल्या असतात. पोळी, भात, पोहे यांतला स्टार्च पचला की त्याचे शेवटी ग्लुकोजच होते. फ्रुक्टोज फळांत आणि मधात असते. दोघांतून मिळणारे उष्मांक सारखे, पण फ्रुक्टोज जिभेला ग्लुकोजपेक्षा गोड लागते. मग उंदराने फ्रुक्टोजच निवडायला हवे, नाही का?

तसे होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात अँथनी स्क्लाफानी आणि कॅरन अ‍ॅक्रॉफ यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले. त्यांनी उंदरांना एका स्वादाच्या पाण्यातून ग्लुकोज आणि दुसऱ्या स्वादाच्या पाण्यातून फ्रुक्टोज दिले. काही दिवसांच्या अनुभवानंतर उंदीर ग्लुकोजशी जोडलेला स्वाद निवडू लागले. १९९३ च्या प्रयोगात तर शर्करा तोंडात गेलीच नाही. उंदीर एका ठरावीक स्वादाचे पाणी पीत असताना ग्लुकोज नळीतून थेट त्याच्या जठरात सोडले गेले. तरीही तो त्या स्वादाचा भक्त झाला. फ्रुक्टोज अशाच रीतीने दिले तेव्हा तेवढी ओढ निर्माण झाली नाही.

म्हणजे आवड दोन ठिकाणी ठरते. जीभ लगेच निकाल देते. पोट आणि आतडे सावकाश निकाल देतात, पण तो जास्त टिकतो. २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या गटाने माऊस जातीच्या छोट्या उंदरांत या दुसऱ्या निकालाची वाट शोधली. आतड्यात ग्लुकोज पोचल्याची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत जाते. साखरेचे पाणी आणि कृत्रिम गोड पाणी शेजारी शेजारी ठेवले, तर सुरुवातीला हे उंदीर दोन्ही पितात. एक-दोन दिवसांत मात्र जवळजवळ फक्त साखरेच्या पाण्याकडे वळतात.

भूक आणि मेंदू यांच्या नात्याच्या अभ्यासात आपल्या देशाचाही वाटा आहे. १९५१ मध्ये डॉ. बाळकृष्ण आनंद यांनी अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांवर काम करून मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागातले भूककेंद्र दाखवून दिले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवले, की रक्तातले ग्लुकोज वाढले की तृप्तीच्या केंद्रातली हालचाल वाढते आणि भूककेंद्रातली मंदावते. ‘पोट भरले’ असे आपण म्हणतो, त्यामागे मेंदूचा एवढा कारभार आहे.

पालकांनी यातून लक्षात घ्यायची गोष्ट ही, की मूल एखाद्या पेयाच्या मागे लागते तेव्हा ते नुसते जिभेचे चोचले नसतात. ते पेय भुकेल्या पोटी मिळाले असेल, तर ‘हे चांगले, हे पुन्हा घे’ असा धडा शरीराने गिरवलेला असतो. त्यात त्या पेयाचा रंग, वास, बाटलीचा आकार, सारे आले.

पाण्यातली साखर

दुसरा मुद्दा रूपाचा. १९८२ मध्ये रॉबिन कॅनरेक यांनी उंदरांना नेहमीच्या खाद्याबरोबर सुक्रोज, ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज यांपैकी एकाचे पाणी सतत उपलब्ध ठेवले. उंदरांनी खाद्य कमी केले खरे, पण पाण्यातून जेवढे उष्मांक आले तेवढे काही कमी केले नाही. एकूण उष्मांक वाढले आणि वजनही वाढले. पुढच्या अभ्यासांतून हेही दिसले, की तीच साखर कोरडी भुकटी म्हणून दिली तर उंदीर तेवढे जास्त खात नाहीत, पाण्यात विरघळवून दिली की खातात.

घरोघरी हे रोज दिसते. दोन जिलब्या खाल्लेले मूल पोहे थोडे कमी घेते. गोड पेयाची बाटली संपवलेले मूल डबा अर्धा परत आणते, आणि घरी आल्यावर पुन्हा काहीतरी मागते. आम्ही विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. बाटलीवरचा तक्ता वाचा. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर असे लिहिले असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम झाली. चहाच्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. आता भागाकार तुम्हीच करा, आणि तेवढे चमचे एका पेल्यात ओतून वर्गात ठेवा. शुगर बोर्ड यापेक्षा वेगळा काय असतो?

बारा तासांचा उपास

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्टली होबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००२ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवायचे आणि पुढचे १२ तास नेहमीचे खाद्य व ग्लुकोजचे पाणी द्यायचे. उंदीर निशाचर, अंधार पडला की त्याचा दिवस उगवतो. या उंदरांना अंधार पडल्यानंतरही चार तास काही दिले जात नसे. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्यांची रोजची न्याहारी चुकवली जात होती.

दहा दिवसांत हे उंदीर पूर्वीच्या दुप्पट ग्लुकोज पिऊ लागले. त्यातही बाटली समोर आल्याबरोबर पहिल्या तासात ते तुटून पडत. त्यांच्या मेंदूतल्या रसायनांत बदल दिसले. अफूचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर त्यांचे दात कडकडू लागले, पुढचे पाय थरथरू लागले. या प्रयोगांमुळे ‘साखरेचे व्यसन’ हा शब्द वर्तमानपत्रांत खूप गाजला. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सगळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. उंदरांतली ही व्यसनासारखी वागणूक, साखर अधूनमधून आणि ठरावीक काळापुरती मिळते तेव्हाच दिसते. साखर कधीही मिळू शकते तेव्हा ती दिसत नाही. म्हणजे दोष एकट्या साखरेवर टाकता येत नाही. उपास आणि त्यावर साखर, ही जोडी पाहावी लागते.

आता आपल्या मुलाचा दिवस पाहू. रात्री नऊला जेवण. सकाळी सहाला उठायचे, सव्वासहाला कोपऱ्यावर व्हॅनचा भोंगा. कपभर दूध प्यायले तर प्यायले, नाही तर तसेच. सातला शाळा, साडेनऊला मधली सुट्टी. रात्री नऊ ते सकाळी साडेनऊ, म्हणजे साडेबारा तास. त्यानंतर फाटकाबाहेर दहा रुपयांत मिळणारी पहिली वस्तू कोणती? गोड पाणी, नाही तर गोड बिस्किट. प्रिन्स्टनच्या पिंजऱ्यात मुद्दाम केलेली मांडणी आपण चंद्रभागेपासून छावणीपर्यंतच्या घराघरांतून रोज नकळत करतो, आणि मग मुलांना हावरट म्हणतो!

गूळ, मध आणि ‘शुगर-फ्री’

गुळाविषयी आपल्या सर्वांना जिव्हाळा आहे. गुळाची पोळी, चिक्की, पुरण यांची चव साखरेला नाही. गुळात थोडी खनिजेही असतात. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो, आणि मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे असतात. आतड्यात पोचल्यावर शरीर ‘हा घरचा गूळ’ आणि ‘ही दुकानची साखर’ असा भेद करीत नाही. म्हणून गूळ चवीसाठी जरूर खावा, पण औषध समजून दुप्पट खाऊ नये.

शुगर-फ्री पेयांचा मार्गही आम्हाला पटत नाही. पर्ड्यू विद्यापीठात सुझन स्विदर्स आणि टेरी डेव्हिडसन यांनी २००८ मध्ये काही उंदरांना सॅकरिन घातलेले दही दिले आणि काहींना ग्लुकोज घातलेले. सॅकरिनवाल्या उंदरांनी पुढे एकूण खाणे जास्त खाल्ले आणि त्यांचे वजनही जास्त वाढले. संशोधकांचा तर्क असा, की गोड चवीपाठोपाठ उष्मांक येतात हा शरीराचा हिशेबच अशाने बिघडतो. सर्व अभ्यासांत असेच दिसले असे नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये, वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नये, असा सल्ला दिला. आणि मुख्य म्हणजे, भुकेल्या मुलाला शुगर-फ्री पाणी दिल्याने त्याची भूक कुठे भागते?

नुसत्या बंदीने काय होते

संपूर्ण बंदी मागणाऱ्या पालकांची कळकळ आम्हाला समजते. देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १०.१ कोटी आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. आपल्यातल्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या उशाशी औषधांची डबी आहे. तरीही दप्तरे तपासून टॉफ्या जप्त करण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

याला आधारही आहे. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. आवडीचा एक खाऊ डोळ्यांसमोर ठेवून तो घ्यायला बंदी केली, तेव्हा मुलांचे बोलणे, पाहणे, मागणे सारे त्याच खाऊभोवती फिरू लागले. बंदी उठताच त्यांनी तो जास्त उचलला. बक्षीस म्हणून चॉकलेट आणि शिक्षा म्हणून चॉकलेट बंद, या दोन्हींतून मुलाला एकच धडा मिळतो, की जगात सर्वांत मोलाची वस्तू चॉकलेट!

मग सणाच्या गोडाचे काय? ते असावे. होळकरांच्या काळापासून इथे राहिलेल्या आपल्या घरांत पुरणपोळी आणि श्रीखंड आहे, माळव्याचे दाल-बाफले आणि चुरम्याचे लाडूही आहेत. हे गोड ताटात येते. वरण, भाजी, कोशिंबीर यांच्या जोडीने येते, त्याला दिवस असतो, आणि पंगत उठली की संपते. सराफ्याची गोष्ट थोडी वेगळी. १९७६ मध्ये स्क्लाफानी यांनीच उंदरांना बाजारातले नाना पदार्थ एकाच वेळी दिले: चॉकलेट, बिस्किटे, चीज, केळी, शेंगदाण्याचे लोणी, आटवलेले गोड दूध. दोन महिन्यांत ते साध्या खाद्यावरच्या उंदरांपेक्षा कितीतरी लठ्ठ झाले. रबडी, मालपुवा, गराडू आणि जिलबी यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचे काय होते, हे इंदूरकरांना सांगायला नको. सराफ्याला जावे, पण घरून जेवून आणि कधीतरी जावे.

मुले म्हणजे उंदीर नव्हेत

इथे एक सावधगिरीचा शब्द. उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे मुलांना लावता येत नाहीत. पिंजऱ्यातल्या उंदराला आई नसते, मित्र नसतात, आणि ‘आज नको, उद्या’ असे त्याला समजावता येत नाही. माणसांवरचे प्रयोग थोडे आहेत. येल विद्यापीठात २०१३ मध्ये २० निरोगी प्रौढांना एकदा ग्लुकोजचे आणि एकदा फ्रुक्टोजचे पेय देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. ग्लुकोजनंतर भुकेशी संबंधित भागातला रक्तप्रवाह कमी झाला व पोट भरल्याची भावना वाढली; फ्रुक्टोजनंतर तसे झाले नाही. दिशा उंदरांशी जुळणारी आहे, पण २० माणसांवरून साऱ्या जगाचा निकाल लावता येत नाही. उपाशी मुलाला आधी खायला द्यावे, एवढे म्हणायला मात्र याहून जास्त पुराव्याची गरज नाही.

आणखी एक प्रयोग सांगायचा मोह होतो, कारण तो आपल्या नागपूरचा आहे. नागपूर विद्यापीठातील दादासाहेब कोकरे, निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकएकट्या ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कळपातून वेगळे काढलेल्या उंदरांचे खाणे आणि वजन वाढले, आणि भूक आवरणारे मेंदूतले एक द्रव्य कमी झालेले आढळले. पंगतीत बसून जेवण्याची आपली रीत याच्याशी किती जुळते, ते वाचकांनीच ठरवावे.

आमचे मागणे

विश्वस्त मंडळापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: सकाळच्या सत्रात पहिल्या तासाच्या आधी, नाही तर पहिल्या तासानंतर लगेच, दहा मिनिटांची न्याहारी. मूठभर भिजवलेले चणे, वाटीभर पोहे किंवा उपमा, एक केळे, यांपैकी काहीही. इंदुरात पोहे कसे करायचे हे कोणी कोणाला शिकवायला नको. मुलांनी ती वर्गात एकत्र बसून खावी. सुरुवात प्राथमिक वर्गांपासून करता येईल. प्रत्येक आठवड्याला एका वर्गाच्या पालकांनी वाटा उचलला, तर शाळेवरचा भारही हलका होईल.

दुसरी: उपाहारगृहात ताक, लिंबाचे खारे सरबत आणि थंड पाणी असावे. साखरेचे असो वा शुगर-फ्री, बाटलीबंद गोड पेय नसावे.

तिसरी: वाढदिवसाची टॉफी प्रार्थनेनंतर, रिकाम्या पोटी न वाटता डबा खाऊन झाल्यावर वाटावी. ज्यांना जमेल त्यांनी टॉफीऐवजी ग्रंथालयाला एक पुस्तक द्यावे, आणि त्यावर मुलाचे नाव लिहिले जावे.

चौथी: शिक्षकांनी बक्षीस म्हणून गोड देणे थांबवावे. त्यात आमच्यातले शिक्षकही आलेच.

‘सकाळी खाऊ घालणे हे घरचे काम, शाळेचे नव्हे’, असा आक्षेप येईल. तो चुकीचा नाही. पण दोघेही आई-वडील नोकरीला जातात, व्हॅन सव्वासहाला येते, आणि इतक्या सकाळी अनेक मुलांच्या घशाखाली घासही उतरत नाही, हेही तितकेच खरे आहे. घर जिथे कमी पडते तिथे शाळेने हात द्यावा, याच विचाराने आपल्या वाडवडिलांनी या शहरात मराठी शाळा उभ्या केल्या. तेव्हा प्रश्न भाषेचा होता. आज तो साडेबारा तासांच्या उपासाचा आहे.

शुगर बोर्ड आपण लावूच, आणि तो मुलांनीच रंगवावा. मात्र तो वाचणाऱ्या मुलाच्या पोटात तेव्हा काहीतरी गेलेले असावे, एवढी व्यवस्था आधी व्हावी. पुढच्या पालकसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी आमची विश्वस्तांना विनंती आहे. पालकांनी आपली मते लेखी कळवावीत. आणि विद्यार्थ्यांनीही, कारण खायचे त्यांनाच आहे.

— संपादक मंडळ